चकती पूर्ण वेगात

एब व्हेल, वेल्स
९ जानेवारी

मर्डो, म्हाताऱ्या,

नाताळच्या कार्डावर तू दोनच शब्द लिहिलेस, "अजून आहे." ग्वेंडा म्हणाली, या माणसाला शाई विकत घ्यावी लागते वाटतं. मी म्हटलं, बायको, तो स्कॉटिश आहे, श्वाससुद्धा मोजून घेतो.

माझं अक्षर बघून तुला वाटेल मी ढोसून बसलोय. तसं असतं तर किती बरं झालं असतं! एकदाच सांगतो आणि पत्रातच सांगतो, कारण फोनवर तुझं बोलणं मला कळत नाही आणि माझं तुला.

ऑक्टोबरपासून माझ्या हातातून बारीक स्क्रू पडायला लागले. म्हटलं, वय झालं. मग एलन की, ती षटकोनी किल्ली, पडायला लागली. मग चहाचा कप. डॉक्टरांनी सुया खुपसल्या, विजेचे झटके दिले आणि शेवटी एका कोवळ्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की मेंदूकडून स्नायूंकडे जाणारं वायरिंग जळत चाललंय. एकेक तार. दुरुस्ती नाही. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, आणि सगळ्यात शेवटी श्वास. वर्ष म्हणाली, फार तर दीड. टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, "बाई, अंगठे कधीपर्यंत चालतील?" तिला कळेना. धक्क्यानं बरळतोय असं तिला वाटलं असणार. ग्वेंडाला मात्र कळलं. तिनं मान खाली घातली.

तुलाही कळलंच असेल. आपल्या लढाऊ यंत्रांच्या रिमोटच्या दोन काड्या अंगठ्यांनी हलतात. बाकी धड गेलं तरी चालेल, मर्डो. दोन अंगठे हवेत मला, एप्रिलपर्यंत.

मी नवी ब्लॉडवेन बांधतोय. दीड किलोच्या वर्गात बसेल अशी, आधीपेक्षा बुटकी आणि रुंद. पुढचं फावडं जाड कडक पोलादाचं, आणि तुझ्या त्या चकतीवाल्या मिजला खालून उचलून उताणा पाडणारी पट्टी. (यंत्राला सासूचं नाव दिलं म्हणून ग्वेंडा अजून टोमणे मारते. पण ढकलून पडत नाही, कुणाला वाट देत नाही, अशी दुसरी बाई मला माहीत नव्हती.) एप्रिलमध्ये स्टॅफर्डच्या हॉलात पहिली लढत तुझी-माझी लावा, असं मी आयोजकांना कळवलंय.

आपली रीत तुला सांगायला नको. पिंजऱ्याबाहेर तुझी मोटर जळली तर मी माझी काढून तुला देईन, शेजारी बसून सोल्डरिंग करून देईन. पण पिंजऱ्याचं दार लागलं की चकती पूर्ण वेगात. मला सध्या सगळे हळू आवाजात बोलतात, गड्या. दुकानदारसुद्धा. ज्या पादऱ्यानं मला तीस वर्षं नावं ठेवली, तो परवा हात हातात घेऊन बसला. मला एकदा, शेवटचं, कुणीतरी जीव खाऊन ठोकायला हवंय. हरलो तरी चालेल. तू करशील ना?

तुझा
एमरिस प्रोबर्ट

कर्कॉल्डी, स्कॉटलंड
१४ जानेवारी

एमरिस,

पत्र शेडमध्ये उभ्यानं वाचलं. डोळ्यात ग्राइंडरचा कीस गेला असं समज. त्यावर याहून जास्त मी काही लिहिणार नाही, मला जमत नाही.

सोबत एक पुडकं पाठवलंय. ॲल्युमिनियमच्या दोन टोप्या आहेत, लेथवर काढल्यात. रिमोटच्या काड्यांवर बसव. वरून खोलगट आहेत आणि कडेला खाचा आहेत, म्हणजे अंगठा घसरणार नाही. तुझ्या काड्यांचं माप माझ्याकडे होतं, त्या वर्षी तू माझ्या टेबलावर रिमोट विसरून गेला होतास तेव्हाचं. चोर आहे मी.

बाकी, मिजची चकती मी नव्यानं धार लावून घेतलीय. सुरू केली की शेजारीण भिंतीवर थापा मारते, असा आवाज येतो. तुझ्या सासूबाईंना मी बादलीत भरून परत पाठवीन. ग्वेंडाला सांग, बादली तुमचीच आणा.

येतो. पूर्ण वेगात.

मर्डो गेडिस

एब व्हेल
११ मार्च

मर्डो,

हे पत्र मी लिहितेय हे एमरिसला माहीत नाही. उत्तर घरी पाठवू नका, मी काम करते त्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता पाकिटावर लिहिलाय.

तुम्ही पाठवलेल्या टोप्या त्यानं बसवल्या. दिवसभर हातात रिमोट घेऊन बसतो, बंद टीव्हीकडे बघत काड्या हलवतो. पण डावा अंगठा चाललाय, मर्डो. मी बघते ना. काडी पुढे ढकलतो, मागे आणताना बोटं थरथरतात. तो म्हणतो थंडी आहे.

यंत्र आता तो एकटा बांधत नाही, मी बांधते. तो स्टुलावर बसून सांगतो आणि मी त्याचे हात होते. "अगं अर्धा फेरा. अर्धा म्हटलं की अर्धा! पाव कमी!" आयुष्यभर मी त्या शेडमध्ये चहा ठेवायला आणि वास मारतो म्हणून ओरडायलाच गेले, आणि आता मला स्क्रूच्या आट्यांची नावं पाठ झालीत. परवा पट्टीचा स्प्रिंग सुटून माझ्या हनुवटीला लागला. रक्त आलं. तो इतका हसला की स्टुलावरून घसरला, आणि मग मला त्याला उचलता येईना. दोघं फरशीवर बसून होतो बराच वेळ. हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं ते कळलंच नाही.

त्याच्याकडे आता दुसरं काहीच नाही. ना फिरायला जाणं, ना गाणं. गाताना श्वास पुरत नाही म्हणून चर्चमधल्या गायनमंडळात जाणं त्यानं सोडलं. फक्त ती एप्रिलची लढत. आणि तुमचा मिज मी पाहिलाय. मागच्या वर्षी त्यानं एका पोराच्या यंत्राचे पहिल्याच फटक्यात दोन तुकडे केले होते, आणि ते पोर टेबलाखाली बसून रडलं होतं. आमची ब्लॉडवेन अशी पहिल्या फटक्यात गेली तर घरी येताना गाडीत मी त्याच्याशी काय बोलू? आणि दुसऱ्या दिवशी तो उठेल कशासाठी?

मला तुमच्या खेळातलं काही कळत नाही. कळत नसताना मागतेय, म्हणून रागावू नका. त्याला जिंकू द्या. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

ग्वेंडा

कर्कॉल्डी
१७ मार्च

ग्वेंडा,

तुम्ही काय मागताय ते तुम्हाला माहीत नाही. हे होणार नाही. त्याला मी शब्द दिलाय, आणि त्यानं मागितलेली एकच गोष्ट आहे ती.

हनुवटीला टाका पडला का? स्प्रिंग ताणताना वरून जाड कापड टाकत जा. आणि तो पडला तर एकटीनं उचलू नका, पाठ जाईल. शेजाऱ्यांना हाक मारा.

माझी बायको गेली तेव्हा शेवटच्या महिन्यात तिला पत्त्यांत मी जिंकू देत होतो. तिला कळत होतं की नाही, मला आजवर माहीत नाही.

नाही म्हणजे नाही. माफ करा.

मर्डो

एब व्हेल
२९ एप्रिल

मर्डो, बुडबुड्या, हरलेल्या माणसा!

हे मी माझ्या हातानं लिहितोय. दोन दिवस लागले आणि तुला वाचायला तीन लागतील. लागू देत. जिंकलेल्याचं पत्र आहे, मान देऊन वाच.

ती लढत डोळ्यांसमोरून जात नाही रे. तू डावीकडून आलास, तुझी ती नेहमीची खोड. मी फावडं खाली टेकवून उभा राहिलो. धडक! ठिणग्या छतापर्यंत. मला वाटलं, गेली सासू. पण ती जागची हलली नाही! मग तुझी चकती पुन्हा वेग घेतेय तेवढ्यात मी खाली घुसलो आणि पट्टी उचलली. मिज उताणा! पाय वर करून बसलेल्या किड्यासारखा भुणभुणत होता. पंचांनी आकडे मोजले, हॉलात सगळे उभे राहिले. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू टाळ्या वाजवत होतास, गाढवा. हरल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यातला तू नाहीस. म्हातारपणी सुधारलास वाटतं.

ग्वेंडा घरी येईपर्यंत गाडीत गात होती. डॉक्टरीणबाईंनाही आम्ही उताण्या मिजचा फोटो दाखवला. "अंगठे चालले, बाई," मी म्हटलं. या वेळी तिला कळलं.

चकतीचा आवाज मात्र जरा खालच्या पट्टीतला वाटला. बॅटरी जुनी झालीय का तुझी? बदल. पुढच्या वेळी सबबी नकोत.

डावा अंगठा आता बहुतेक संपला. उजवाही निघाला. पण त्यांचं काम झालं. खरं सांगतो, मी समाधानी आहे. तू शब्द पाळलास.

एमरिस

कर्कॉल्डी
६ मे

एमरिस,

अभिनंदन. चांगला खेळलास. फार चांगला.

हो, बॅटरी जुनी होती. बदलली.

इकडे पाऊस. मिज दुरुस्त झाला. ग्वेंडाला नमस्कार सांग.

मर्डो

एब व्हेल
२० जून

मर्डो गेडिस,

हे मी सांगतोय आणि ग्वेंडा लिहितेय. माझं बोलणं आता तिलाच नीट कळतं. तिला बजावलंय की मी बोलेन तो प्रत्येक शब्द लिहायचा, गाळायचा नाही.

माझ्या शेडची भिंत तू पाहिलीयस. प्रत्येक लढतीतलं फावडं मी खिळ्याला टांगून ठेवतो, खाली खडूनं समोरच्याचं नाव. तुझी पाच आहेत. एप्रिलचं फावडं टांगायचं राहून गेलं होतं, ते ग्वेंडानं काल टांगलं. मी म्हटलं, मला हात लावू दे. या आजाराचा एक विनोद आहे, बोटं हलत नाहीत पण त्यांना कळतं सगळं. लोकर, पाणी, लोखंड, सगळं पहिल्यासारखं कळतं. ग्वेंडानं माझा हात धरून माझं बोट तुझ्या चकतीनं त्यावर उठवलेल्या वळावरून फिरवलं.

मग मी म्हटलं, शेजारच्या फावड्यावर फिरव. त्याच्या शेजारच्या. पाचही.

तुझ्या चकतीचे जुने वळ मला डोळे मिटून ओळखू येतात. नख आत जातं. काठावर पोलाद दुमडून वर येतं आणि बोटाला टोचतं. आणि एप्रिलचा वळ म्हणजे नुसता ओरखडा. मांजरानं काढल्यासारखा. पोलाद तेच, जाडी तीच, आणि तू नवी धार लावली होतीस. बॅटरीनं एवढा फरक पडत नाही. चाळीस वर्षं मी पोलादाच्या कारखान्यात काढलीत, मला कुणी शिकवू नये. तू रिमोटमध्ये चकतीचा वेग बांधून ठेवला होतास. निम्म्यावर? त्याहून कमी?

टाळ्या का वाजवल्यास ते आता कळलं.

पादऱ्यानं हात धरला तर मी समजू शकतो, त्याचा धंदाच आहे. तू? मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. माझे अंगठे होते तोवरची एकच लढत होती ती. ती मी लढलोच नाही. तुला वाटलं असेल, मेल्या माणसाला काय कळतंय. मी अजून मेलेलो नाही! आणि आता पुन्हा लढ म्हणशील तर अंगठे नाहीत. तू ते घेऊन गेलास.

मला पत्र लिहू नकोस. माझ्या दफनाला येऊ नकोस. ग्वेंडा रडतेय, म्हणतेय शेवटचं वाक्य लिहीत नाही. मी म्हटलं, लिही. लिहिलं तिनं.

एमरिस प्रोबर्ट

कर्कॉल्डी
२५ जून

एमरिस,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितोय, एवढं एकच.

हो. निम्म्यावर बांधला होता. आदल्या रात्री हॉटेलात बसून बांधला, सकाळी काढून टाकला, आणि पिंजऱ्याशी तू चालत आलास तेव्हा पुन्हा बांधला. तुझा रिमोट तू गळ्यात पट्टा घालून अडकवला होतास आणि ग्वेंडा मागून तुझी कोपरं धरून होती. मला ते बघवलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. माझं मीच केलं. भ्याड आहे मी, दुसरं काही नाही.

बॅटरीचं खोटं बोललो ते त्याहून वाईट.

तुझं म्हणणं मान्य आहे. येणार नाही.

मर्डो

एब व्हेल
९ जुलै

मर्डो,

तुमचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. "मला कुणी सांगितलं नव्हतं" इथपर्यंत आले आणि पुढे वाचताच येईना. तुम्ही मला वाचवायला लिहिलंत, कळलं मला. पण मर्डो, त्या दिवशी "दफनाला येऊ नकोस" हे मी माझ्या हातानं लिहिलंय. तो सांगत होता आणि मी लिहीत होते, आणि ते वाक्य खरं तर जिला लागू होतं ती बाई पेन धरून बसली होती. आता हे ओझं मला पेलवेना. मी सांगून टाकलं. मार्चमधलं माझं पत्र, तुम्ही दिलेला नकार, सगळं.

तो काही बोलला नाही. मग कितीतरी दिवस बोलला नाही. तुम्हाला कल्पना येणार नाही ते काय असतं. त्याला मीच उठवते, मीच पुसते, दाढी मीच करते. चमचा पुढे केला की तोंड उघडायचा, पण बघायचा खिडकीकडे. रागानं उठून जायची सोय नाही त्याला. आपटायला दार नाही. मी चिडले शेवटी. म्हटलं, "शिव्या तरी दे रे! मेले मी या शांततेनं!"

तेव्हा बोलला. सावकाश, एकेक शब्द. म्हणाला, "तू माझी लढत घेतलीस. आता तू लढ."

त्याची अट अशी आहे. लढत आमच्या शेडमध्ये, त्यानं चाचणीसाठी जाड काचेसारख्या प्लास्टिकचा पिंजरा बांधलाय त्यात. ब्लॉडवेन मी चालवायची. तुमचा मिज पूर्ण वेगात, आणि सुरू करण्याआधी तुमच्या रिमोटवरचा आकडा त्याला दाखवायचा. तो बघणार. शाळेत खेळाच्या तासाला मी पोटदुखीची चिठ्ठी आणायचे, मर्डो. आणि आता रोज जेवणानंतर मी रिमोट घेऊन बसते आणि तो माझ्यावर खेकसतो. त्याचं बोलणं मलाच कळतं म्हणून त्याच्या शिव्याही मलाच कळतात. "बटाटे ढवळतेस काय? वळ! आधी वळ, मग ढकल!" तीन खुर्च्यांच्या पायांचे टवके उडालेत. काल पहिल्यांदा "बरं" म्हणाला.

दुसरी ब्लॉडवेनही आम्ही जोडून ठेवलीय, सुटे भाग होते त्यातून. त्याला लढतीपेक्षा हे शिकवणंच आवडतंय असं कधी कधी वाटतं, पण तसं बोलून दाखवायची मला भीती वाटते.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत या. श्वास कमी पडायला लागलाय. रात्री तोंडावर श्वासाच्या यंत्राचा मास्क लावावा लागतो.

ग्वेंडा

कर्कॉल्डी
१३ जुलै

एमरिस,

येतो. आकडा तू बघ, ग्वेंडा बघेल, हवं तर पादऱ्याला बोलाव.

मर्डो

कर्कॉल्डी
२१ ऑगस्ट

एमरिस,

काल रात्री घरी पोचलो. वाटभर डोळे पुसत आलो, आणि या वेळी कीस गेला असं मी सांगणार नाही.

तुझी बायको भयंकर आहे. मी तिला हॉलात बघितलं ते थर्मास आणि सँडविच घेऊन फिरताना. परवा तिनं ओठ दाताखाली धरला आणि पहिल्याच झटक्याला सरळ माझ्या अंगावर आली! मला वाटलं होतं मागे सरेल. तू खुर्चीवरून काहीतरी घोगरं ओरडलास, तिनं वळवलं, आणि मिजचं एक चाक हवेत गेलं. आणखी जरा जोर असता तर उताणा पडलो असतो. शपथेवर सांगतो, एप्रिलमध्ये तू मला यापेक्षा सोपा गेला होतास.

मग मी ठोकलं. तू आकडा बघितला होतास, शंभर. पहिल्या फटक्याला फावडं वाकलं, दुसऱ्याला डावं चाक भिंतीवर आपटलं. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. तिचे डोळे गच्च मिटलेले होते, एमरिस, आणि अंगठे तरी काड्यांवर दाबलेलेच. मी थांबलो नाही. तिसऱ्या फटक्याला फावडं मधोमध फाटलं आणि बॅटरीतून धूर निघाला. आम्ही दार उघडून वाळूची बादली ओतली. तुझ्या सासूबाई बादलीत गेल्या म्हणायच्या, शब्द पाळला मी.

तुझ्या पायाशी तो फाटका तुकडा ठेवला आणि ग्वेंडानं तुझं बोट त्यावरून फिरवलं. ते मी विसरणार नाही. तुझा चेहरा फारसा हलत नाही आता, पण मी तुला ओळखतो.

एक सांगतो. दुसरी ब्लॉडवेन मी फळीवर बघितली होती. म्हणून दुसरी बॅटरीही चार्ज करून आणली होती, खिशातच होती. मला वाटलं, हा बाबा एकावर थांबणार नाही. मग तू बोललास. मला कळलं नाही, मी ग्वेंडाकडे बघितलं, आणि ती म्हणाली, "पुरे म्हणतोय. दमलाय." तुझ्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तिथंच मला रडू आलं असतं, म्हणून घाईनं सामान आवरलं. नीट निरोपही घेतला नाही, माफ कर.

रागावलेला आहेस की नाही, हे तू मला सांगितलं नाहीस. विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता विचारतो.

तुझा
मर्डो

एब व्हेल
१९ सप्टेंबर

श्री. गेडिस यांस,

तुमची-माझी ओळख नाही. मी डेलिथ, एमरिस यांच्याकडे घरी जाणारी नर्स. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांचं बोलणं पूर्ण थांबलं. मग आम्ही अक्षरांचा तक्ता वापरायला लागलो. मी अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. सोबतचा मजकूर त्यांनी मला असा सांगितला, ग्वेंडा बाजारात जायच्या तेव्हा, थोडा थोडा. ग्वेंडांना कळू द्यायचं नाही आणि तुमच्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

एमरिस सोमवारी पहाटे गेले. शांतपणे गेले. दफन पुढच्या मंगळवारी आहे, ग्वेंडा तुम्हाला वेगळं कळवतीलच. तुम्ही यावं असं त्यांचं म्हणणं होतं, तेही तक्त्यावर सांगितलंय.

मजकूर जसाच्या तसा देते.

मर्डो
मी पुरे म्हणालो नव्हतो
परत म्हणालो होतो
ग्वेंडाला नीट कळलं होतं. ती घाबरली. तिचे हात बघितलेस ना
तू माझ्याकडे बघत होतास. मला डोळ्यांनी सांगता आलं असतं, की ती खोटं बोलतेय
नाही सांगितलं
दुसरी लढत मला फार हवी होती. पण तिला जिंकू दिलं
एप्रिलमध्ये तू असाच उभा असशील
राग आहे अजून. थोडा. तुझ्यावर नाही
दफनाला ये
तिनं कधी विचारलं तर सांग, एमरिस खरंच दमला होता